वाऱ्याच्या वाटा

स्टुटगार्ट हे गाव वाटीत वसले आहे. एक खोलगट वाटी घ्यावी, तिच्या कडांवर द्राक्षांचे मळे लावावेत, तळाशी रेल्वे स्टेशन, राजवाडा, बाजारपेठ आणि नाट्यगृह मांडावे आणि ईशान्येच्या अंगाला थोडी खाप पाडून नेकार नदीकडे वाट करून द्यावी, की झाले स्टुटगार्ट! तळातून काठावर जायचे तर पायऱ्या चढाव्या लागतात. अशा पायऱ्यांच्या वाटा या गावात चारशेंवर आहेत. त्यांतल्या सहा-सात मी चढलो आणि बाकीच्या आहेत असे मानून घेतले. जेजुरीला देव तरी भेटतो. इथे वर पोचल्यावर एखाद्या आजीबाईंची बाग आणि समोर पसरलेली तांबड्या कौलांची वाटी एवढेच भेटते. पण ते पुष्कळ आहे.

गावाचे नाव घोड्यांवरून पडले. हजारएक वर्षांपूर्वी इथे घोड्यांची पागा होती, घोड्या वाढवण्याचे कुरण होते. त्या ‘घोड्यांच्या बागे’चे स्टुटगार्ट झाले. आजही नगरीच्या चिन्हावर काळा घोडा उधळलेला आहे, आणि तोच इथल्या पोर्शे मोटारींच्या बिल्ल्यावर जाऊन बसला आहे. ज्या गावाने घोडे पोसले त्याच गावाने घोड्यांची नोकरी घालवणारी मोटार जन्माला घातली, हा योगायोग मोठा गमतीचा. मुंबईकरांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६८ सालापासून स्टुटगार्ट ही मुंबईची भगिनीनगरी आहे. दोघी बहिणींच्या चेहऱ्यांत मला काडीचेही साम्य दिसले नाही. पण बहिणींचे असे होते.

वाटीत वसलेल्या गावाचे दुखणे एकच. वारा आत शिरत नाही. उन्हाळ्यात हवा तळाशी कोंडून राहते, धूर तिच्यातच घोटाळतो आणि माणसे घुसमटतात. म्हणून या नगरपालिकेने १९३८ सालीच एक हवामानशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. नगरपालिकेत अभियंता असतो, आरोग्याधिकारी असतो, आपल्याकडे उंदीर मारणारासुद्धा असतो. पण वारा कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहायला पगारी माणूस! रात्री टेकड्यांवरची हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहू लागते. तिच्या या वाटा नकाशावर काढून ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यावर घरे बांधू देण्याबाबत नगरपालिका फार कडक असते. कित्येक डोंगरउतार नि हिरवे पट्टे एवढ्याचसाठी मोकळे राहिले आहेत. तरीही सगळे साधले असे नाही. मोटारींचा धूर इतका वाढला की २०१९ सालापासून जुन्या डिझेल मोटारींना शहरात मज्जाव करावा लागला. मोटारीच्या जन्मगावी मोटारीलाच बंदी!

मी तिथे गेलो तो माझ्या भाच्याकडे. तो स्टुटगार्टशेजारच्या झिंडेलफिंगेन गावी राहतो आणि मोटारींच्या धंद्यात अभियंता आहे. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते; उन्हाळ्याच्या सुटीत मीही महिनाभर जाऊन राहिलो. माझा विषय मराठी. बी. ए.च्या मुलांना मी पंडिती काव्य शिकवतो. मोटारीचे म्हणाल तर तिच्यात पुढे बसावे की मागे, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. पण त्या घरात बापलेकांचे एक निराळेच भांडण चालू होते, आणि ते समजल्याशिवाय जेवण पचेना.

भाऊजींनी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षे रेडिएटर बनवले. आरंभी तांब्या-पितळेचे, डाख देऊन जोडलेले, पुढे ॲल्युमिनियमचे. पाण्याच्या हौदात रेडिएटर बुडवायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचे. गळतीची ही परीक्षा ते डोळे मिटून केवळ आवाजावरून करीत, असे त्यांचे जुने सोबती सांगतात. गाडी बंद पडते ती दोनच कारणांनी, तहानेने नाहीतर तापाने, हा त्यांचा सिद्धांत. आणि या गृहस्थांचा एकुलता एक मुलगा जर्मनीत काय करतो? तर विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या नाकपुड्या बंद करतो! रेडिएटरकडे वारा जाऊ देणारी पुढची जाळी, तिच्यामागे आडव्या पट्ट्यांची एक झडप असते. ती केव्हा उघडावी, किती उघडावी आणि शक्यतो मिटलेलीच कशी ठेवावी यावर भाच्याची तीन वर्षे गेली होती.

“छत्तीस वर्षं मी गाडीला श्वास दिला,” भाऊजी पहिल्याच रात्री मला म्हणाले, “आणि हा तिचं नाक दाबतोय. सांगा तुम्ही, प्राध्यापक.”

मी ताईकडे पाहिले. तिने आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानश्टाटला मर्सिडीजचे संग्रहालय पाहायला गेलो. २००६ साली उघडलेली ही इमारत शंखासारखी आहे. पाहुण्याला लिफ्टने एकदम वरच्या मजल्यावर नेतात, आणि मग तो उतरंडीने काळाबरोबर फिरत फिरत खाली येतो. वर पोचल्यावर पहिला दिसतो तो घोडा. इमारतीची एक करामत मला फार आवडली. आग लागलीच तर धूर बाहेर काढण्यासाठी मधल्या चौकात मुद्दाम वावटळ उठवण्याची सोय आहे, चांगली चौतीस मीटर उंचीची! वाऱ्याशी या गावाचे काही तरी जन्मांतरीचे देणे असावे.

घोड्यापलीकडे कार्ल बेंझची तीन चाकी मोटार आहे. तिची हकिकत आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी. १८८८ च्या ऑगस्टात बेंझच्या पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधन संपले तेव्हा वाटेतल्या व्हीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले; नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. हे सगळे लोक सांगतात. पण भाऊजींना त्यातले भलतेच सापडले. “पाणी किती वेळा भरलं असेल बाईंनी?” ते म्हणाले. कारण त्या मोटारीला रेडिएटरच नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी उकळायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. चुलीवरच्या पातेल्यासारखा कारभार. विहीर दिसो, ओढा दिसो, थांबा आणि पाणी भरा!

ही तहान भागवली ती विल्हेल्म मायबाख याने. १९०० साली त्याने ज्या नव्या मोटारीची रचना केली तिच्या तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०. नळ्यांतून वारा वाहणार आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. या वंशातली १९०२ सालची एक मोटार तिथे उभी आहे. तिच्यासमोर आमचे भाऊजी जे थांबले ते पाऊण तास. मी पुढे दोन मजले उतरून, कॉफी पिऊन परत आलो तरी ते तिथेच. हात मागे बांधलेले, मान किंचित वाकलेली. पंढरपुरात वारकऱ्याला असे उभे राहिलेले मी पाहिले आहे.

“आठ हजार सत्तर,” ते मला म्हणाले. “हातानं डाख दिलेत सगळे. एक चुकला तरी गळणार.”

तेव्हापासून रेडिएटर हा मोटारीचा चेहरा झाला. बिल्ला त्याच्यावर, मान त्याचा. मोठी जाळी म्हणजे मोठे इंजिन आणि मोठा मालक, असा समज रूढ झाला तो आजतागायत आहे. विजेच्या कित्येक मोटारींना गरज नसताना खोटी जाळी लावतात, ती या लोकलज्जेपायीच. कुंकू पुसल्यासारखे दिसते म्हणे!

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर भाच्याने कागदी रुमालावर आकडे मांडले. मला समजले तेवढे सांगतो.

मोटार धावते तेव्हा तिला पुढची हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध मोडायला दर क्षणी लागणारी शक्ती आठपट. ताशी ५० किलोमीटरला वाऱ्यासाठी जेवढी शक्ती लागते तिच्या सतरापटीहून अधिक ताशी १३० ला लागते. हमरस्त्यावर धावणाऱ्या विजेच्या मोटारीची निम्म्याहून जास्त वीज अशी केवळ हवा लोटण्यात जाते. आता यात जाळीचा संबंध काय? तर जी हवा मोटारीच्या अंगावरून सुरळीत सरकून जाते ती थोडक्यात सुटते. पण जी जाळीतून आत शिरते ती रेडिएटरच्या बारीक पात्यांतून घुसमटत जाते, आतल्या अडगळीवर आपटते, गरगरते आणि शेवटी पोटाखालून वेडीवाकडी बाहेर पडून तिथला चांगला चाललेला प्रवाहही नासवते. जणू मोटारीने ती हवा काही अंतर उचलून नेली. छत्री मिटून वाऱ्यात चालणे आणि उघडून चालणे यांत जो फरक, त्याच जातीचा हा.

आपण हवा खायला चौपाटीवर जातो आणि तब्येत सुधारून येतो. मोटारीने हवा खाल्ली तर तिला ती पचत नाही. पेट्रोलच्या साध्या मोटारीत वाऱ्याच्या एकंदर विरोधापैकी पाच ते दहा टक्के हिस्सा या खाल्लेल्या हवेचा असतो, असा या शास्त्राचा ढोबळ हिशेब आहे.

“मग आजवर कुणी का नाही बुजवली ती जाळी?” मी विचारले.

“कारण इंजिन जळलं असतं,” भाऊजी म्हणाले. या विषयावर दोघांचे एकमत होते.

पेट्रोलमधल्या उष्णतेचा, समजा, तिसरा हिस्सा चाकांना मिळतो. बाकीची धुरांड्यावाटे आणि रेडिएटरवाटे वाऱ्यावर जाते. ती फेकावीच लागते. त्यातच वाऱ्याच्या विरोधासाठी पेट्रोल थोडे जास्त लागले तरी पंप दर दहा मैलांवर आहे, कोण विचारतो? विजेच्या मोटारीचे तसे नाही. बॅटरीतली बहुतेक वीज चाकांपर्यंत पोचते, उष्णता होते ती थोडी. म्हणजे वाराही थोडा पुरतो. आणि बॅटरीतला साठा मात्र मोजका, गरिबाच्या पिंपातल्या ज्वारीसारखा. म्हणून इथे पाच टक्क्यांसाठी माणसे तीन-तीन वर्षे खपतात. पाच टक्के म्हणजे चारशे किलोमीटरांच्या मजलीत वीस किलोमीटर.

“थोडी उष्णता म्हणतोस,” भाऊजी म्हणाले, “पण ती निघते का सहज? माझ्या रेडिएटरमधलं पाणी नव्वद-शंभर अंशांवर. बाहेर चाळीस असलं तरी पन्नास-साठ अंशांचा उतार मिळतो. तुझी बॅटरी किती सोसते?”

भाच्याने क्षणभर बापाकडे पाहिले. “पस्तीस-चाळीसच्या पलीकडे तिला नको वाटतं.”

“मग नागपूरच्या मे महिन्यात उतार कुठला? उलट चढ!”

हा मुद्दा बिनतोड होता आणि भाच्याने तो तसा मान्य केला. उकळता चहा बशीत ओतला की लगेच निवतो. कोमट ताक भर उन्हात निववायचे तर ते फ्रिजमध्येच ठेवावे लागते. बॅटरीचेही तेच. बाहेर ऊन असेल तर तिला वाऱ्याने थंड करता येत नाही. शीतयंत्र चालवावे लागते, आणि शीतयंत्राची स्वतःची उष्णता फेकायला पुन्हा वारा हवाच. “म्हणून तर नाक कायमचं शिवत नाही, बाबा,” भाचा म्हणाला, “झडप ठेवतो. हवं तेव्हा उघडायची. तुमच्या नागपुरात गाडी सत्तर-ऐंशीनं जाते. त्या वेगाला वाऱ्याचं भाडं कमी, तेव्हा खुशाल उघडी ठेवा.”

भाऊजींनी तो रुमाल घडी करून खिशात घातला. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

भाच्याच्या घराच्या खिडकीतून झिंडेलफिंगेनच्या कारखान्याचे छप्पर दिसते. तिथे २०१३ साली सुरू झालेला एक वातबोगदा आहे. ताशी २६५ किलोमीटरचा वारा त्यात उभ्या मोटारीवर सोडता येतो. या कामी स्टुटगार्टची परंपरा जुनी. वुनिबाल्ड काम नावाच्या प्राध्यापकाने इथे १९३० सालीच मोटारींसाठी संशोधनसंस्था काढली. मोटारीच्या शेपटीचे लांब टोक मधेच छाटले तरी वाऱ्याला फारसे कळत नाही, ही क्लृप्ती त्याच्या नावाने ओळखतात. प्राध्यापकाच्या नावाने शेपूट ओळखले जावे, हे मला व्यवसायबंधू म्हणून थोडे लागले.

याच गावाहून एप्रिल २०२२ मध्ये मर्सिडीजची एक प्रायोगिक विजेची मोटार निघाली आणि आल्प्स ओलांडून, इटलीचा उत्तर भाग कापून, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कासीस या गावी पोचली. १००८ किलोमीटर, वाटेत कुठेही वीज न भरता. आणि पोचल्यावर बॅटरीत पंधरा टक्के शिल्लक. दर शंभर किलोमीटरला ८.७ युनिट, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या हिशेबाने अगदीच किरकोळ. चांगल्या मोटारींच्या विरोधाचा अंक ०.२३-०.२५ च्या आसपास असतो, तिचा ०.१७ होता. तिची पुढची झडप मिटलेली राहावी म्हणून शीतपट्टी मोटारीच्या पोटाला बसवली होती. पोटाखालून वारा एरवी वाहतोच. त्याला आत न बोलावता, जाता जाता त्याच्याच अंगाला पाठ घासून घ्यायची! ही कल्पना मला म्हशीची वाटली, आणि म्हशीइतके उन्हाचे शास्त्र कोणाला कळते?

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही चौघे म्युनिकला निघालो. आदल्या दिवशी ट्यूबिंगेनची सहल झाली होती आणि बॅटरी पुरती भरलेली नव्हती. पडद्यावर ५५ टक्के दिसत होते. बाहेर तेहतीस अंश. युरोपात तेहतीस अंशांना लोक वर्तमानपत्रात छापतात. ताईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पुढे बापलेक, मागे आम्ही भावंडे.

स्टुटगार्ट मागे पडले की तासाभरात श्वेबिश आल्ब नावाचा डोंगर आडवा येतो. म्युनिकचा हमरस्ता तो चढून जातो, आणि चढणीचा रस्ता निराळा, उतरणीचा निराळा. खंबाटकीत वर्षानुवर्षे आपण साताऱ्याला घाटाने गेलो आणि पुण्याला बोगद्यातून आलो, तीच तऱ्हा. इथेही उतरणारांना बोगदा आहे. चुनखडीचे पांढरे कडे, बीचची गर्द झाडी, खाली दरीत एखादे खेळण्यातले गाव. माथ्यावर पडणारा पाऊसही आपल्या सह्याद्रीसारखाच दोघांत वाटला जातो. इकडचे थेंब नेकार-ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला, तिकडचे डॅन्यूबमधून थेट काळ्या समुद्राला.

घाट लागताच मला लहानपणची एस. टी. आठवली. चढ अर्धा संपला की गाडी उभी राही, चालक खाली उतरे, हाताला फडके गुंडाळून रेडिएटरचे बूच फिरवी. मग एकदम भप्पकन वाफ! वाहक डबा घेऊन झऱ्याकडे धावे. आम्ही पोरे खिडकीतून पाहत असू आणि आमच्या मते घाटाची खरी मौज तीच होती. भाऊजींच्या मनातही तेच असावे, कारण ते पडद्यावरून नजर हलवीत नव्हते. ५५ चे ४० झाले, चढावर ३६, ३३. मागून एक मालमोटार गुरगुरत होती. आमच्या मोटारीचा मात्र आवाज नाही, वाफ नाही, काही नाही. हे न बोलणारे माणूस आजारी आहे की सुखात आहे, कळायला मार्ग नसतो.

“झडप उघडी आहे का आता?” त्यांनी विचारले.

“थोडी. चढावर वेग कमी आहे ना, उघडली तरी फारसं बिघडत नाही.”

“आणि माथ्यावर?”

“माथ्यावर मिटेल.”

उल्मच्या अलीकडे २४ टक्क्यांवर आम्ही हमरस्त्याकाठच्या वीजकेंद्रावर थांबलो. दूरवर उल्मच्या चर्चचे टोक दिसत होते. १६१.५ मीटर उंच. २०२५ पर्यंत जगातल्या कुठल्याच चर्चचे टोक याच्या वर गेले नव्हते. ताई आणि मी सावली शोधून बाकावर बसलो. भाच्याने जाड केबल लावली आणि तो पैशाचे यंत्र पाहायला गेला.

दोन-तीन मिनिटे शांततेत गेली आणि मग मोटारीतून घरघर सुरू झाली. पंखा! आधी हळू, मग चढत चढत पिठाच्या गिरणीसारखी. उभी मोटार, बंद मोटार, आत कोणी नाही आणि ही घरघर. शेजारी उभे असलेले भाऊजी दचकले नाहीत. ते सरळ पुढे गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून जाळीपाशी वाकले. पट्ट्या पूर्ण उघडल्या होत्या. त्यांनी जाळीशी तळहात धरला, हवा आत ओढली जात होती. मग तोच हात खाली, चाकामागे नेला. तिथून गरम झोत बाहेर पडत होता. शर्टाच्या बाह्या सावरून चौसष्ट वर्षांचा तो माणसू परमुलखातल्या डांबरावर उकिडवा बसला आणि हात आलटूनपालटून वर-खाली धरू लागला. वैद्य नाडी पाहतो तसे.

भाचा परत आला आणि थबकला. मग काही न बोलता तोही शेजारी उकिडवा बसला.

“भरताना सगळ्यांत जास्त तापते, बाबा. अर्ध्या तासात एवढी वीज आत कोंबायची म्हणजे.”

“उभ्या गाडीला वाऱ्याचं भाडं नाही,” भाऊजी म्हणाले. “म्हणून इथं पोटभर श्वास.”

“हो.”

“रेडिएटर कुठे आहे याचा? बसवलाय कसा? सरळ की कलता?”

“थोडा कलता.”

“आणि कडेच्या फटी?”

भाचा हसला, पण थट्टेने नव्हे. भाऊजींनी खिशातून तो परवाचा कागदी रुमाल काढला. मागच्या बाजूस त्यांनी पेन्सिलीने एक चित्र काढून ठेवले होते. जाळी, तिच्यामागे रेडिएटर आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत बाणच बाण. त्यांचे म्हणणे असे. जाळीतून शिरलेला सगळा वारा रेडिएटरमधून जात नाही. वारा आळशी, पाण्यासारखा तोही सोपी वाट शोधतो आणि रेडिएटरच्या कडेने, वरून, खालून निसटतो. हा निसटलेला वारा मोटारीला अडवतो पुरेपूर आणि थंड करत नाही कवडीभरही. मालमोटारींचे रेडिएटर बनवताना त्यांनी चारी कडांना रबरी पट्ट्या लावून घेण्याचा हट्ट धरला होता. वरिष्ठांनी त्या खर्चिक म्हणून काढल्या, यांनी पुन्हा लावल्या. बढती त्यापायी दोन वर्षे लांबली, हे ताईने मला बाकावर हळूच सांगितले.

“तुम्ही झडपेवर तीन वर्षं घातलीत,” भाऊजी म्हणाले, “झडप दार आहे. दार लहान केलंत, चांगलं केलंत. पण दारापासून चुलीपर्यंत भिंती आहेत का?”

“आहेत. पण खालच्या कोपऱ्यात, जिथे नळ्या वळतात तिथे...” भाच्याने पेन्सिल घेतली आणि त्या रुमालावर स्वतःच्या बाजूने काढायला लागला. “इथे आम्हाला त्रास आहे. फोम बसवतो, तो धक्क्यांनी सरकतो.”

“फोम नको. पन्हळीची पट्टी. थांब, दाखवतो.”

पुढची वीस मिनिटे काय झाले ते मला नीटसे सांगता येणार नाही, कारण ते बव्हंशी पन्हळी, ओठ, दाब आणि कोपरे यांच्या भाषेत झाले. पंखा घरघरत होता, रुमाल भरत चालला होता. ताईने दोनदा हाका मारल्या. शेवटी तिने दोन दशम्यांवर चटणी घालून त्या मोटारीच्या बोनेटवर ठेवल्या, आणि त्या दोघांनी न पाहता उचलल्या.

म्युनिकच्या वाहतूक संग्रहालयात आम्हाला मुख्यतः एक मोटार पाहायची होती. एडमुंड रुम्प्लर नावाच्या विमानकाराने ती १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. वरून पाहिली तर पाण्याच्या थेंबासारखी. इंजिन मागे टाकलेले, तोंडाशी रेडिएटर नाही, जाळी नाही. लोकांनी तोंडात बोटे घातली आणि विकत मात्र घेतली नाही. शंभराच्या आसपास झाल्या, पुष्कळशा बर्लिनमध्ये टॅक्सी म्हणून झिजल्या, काही ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटात जाळून टाकल्या. आज दोन उरल्या आहेत. १९७९ साली यांतली एक फोक्सवागेनच्या वातबोगद्यात उभी केली तेव्हा विरोधाचा अंक निघाला ०.२८. अठ्ठावन्न वर्षांच्या म्हातारीने त्या काळच्या नव्या मोटारींना लाजवले! पण हयातीत तिच्याबद्दल ज्या तक्रारी होत्या त्यांत एक होती ती इंजिन नीट थंड होत नसल्याची.

हे भाच्याने सांगितले मात्र, भाऊजींनी चष्मा पुसला. दोरीच्या कठड्यावरून जेवढे वाकता येईल तेवढे वाकून ते थेंबाच्या मागच्या निमुळत्या टोकाकडे पाहू लागले. भाचा दुसऱ्या बाजूने गेला. मला त्या दोघांची डोकी मोटारीच्या दोन अंगांना दिसत होती. रखवालदार जवळ येऊन उभा राहिला आणि ताईने त्याच्याकडे पाहून, आपल्याला जर्मन येत नाही हे सांगणारे एक हसू केले.

“वारा आत घेतलाय कुठून हिनं?” भाऊजींनी पलीकडून विचारले.

“तेच बघतोय,” भाचा म्हणाला.

संग्रहालय बंद व्हायला चाळीस मिनिटे होती. ताईने पिशवी माझ्याकडे दिली आणि ती बसायला जागा शोधू लागली.